कोटावरून ओळखलेली माणसं

वाचनालयाच्या माळ्यावरून जुन्या मंडळांचे ग्रुप फोटो खाली आले, तेव्हा एकाही फोटोखाली नावं नव्हती. नौकाविहार मंडळ, बुद्धिबळ मंडळ, बागप्रेमींचं मंडळ. पुढे बसलेले, मागे उभे, त्यांच्यामागे बाकावर चढलेले. सगळ्यांच्या माना ताठ, आत्ताच कुणीतरी दटावल्यासारख्या. हे फोटो भिंतीवर लावायचे तर नावं हवीत, आणि नावं सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता, ब्याऐंशी वर्षांचे टेलर मास्तर. त्या फोटोंतले निम्मे कोट त्यांनीच शिवले होते.

मास्तर भिंग घेऊन बसले. चेहऱ्यांकडे ते बघतच नसत. "चेहऱ्याचं काय, दाढी वाढवली की गेला," असं त्यांचं म्हणणं. "उभे, डावीकडून चौथे. छाती अडतीस, पोट चाळीस. लिहा." मग नाव सांगत, आडनावासकट. ग्रंथपाल बाई लिहून घेत.

घरी त्यांच्या बायकोने हे ऐकलं आणि ती म्हणाली, "आपल्या लग्नातल्या फोटोत मला कशावरून ओळखता हो?"

"तू माझ्या शेजारी आहेस त्यात. शोधायचंय काय?"

नावं लागत चालल्याचं कळल्यावर पोस्टात काउंटरवर काम करणाऱ्या एक बाई वाचनालयात आल्या. पंचावन्नच्या आसपास. त्यांचे वडील त्या दीड वर्षाच्या असताना गेले होते. घर बदलताना फोटोंची पेटी हरवली, आईही आता नव्हती. "नौकाविहार मंडळात होते म्हणतात," त्या म्हणाल्या. "कसे दिसायचे तेवढं बघायचं होतं." आणि त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं.

मास्तर लगेच म्हणाले, "करड्या चौकडीचा कोट. कापड कमी पडलं होतं, म्हणून कॉलरचं उजवं टोक आखूड ठेवलं. तसा दुसरा कोट मी शिवला नाही." आणि त्यांनी बसलेल्यांतल्या तिसऱ्यावर बोट ठेवलं. रुंद हनुवटी, जाड मिशा. बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. आठवड्याभरात त्यांनी तेवढाच चेहरा मोठा करून घेतला आणि घरी भिंतीवर लावला.

तीन महिन्यांनी फोटो चौकटीत बसवण्याआधी मास्तर नावं शेवटची तपासत होते. नौकाविहार मंडळाच्या फोटोवर भिंग थांबलं ते थांबलंच. मिशीवाल्याची बाही मनगटाच्या दोन बोटं वर होती.

"माप चुकलं होतं का?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

"माप नाही चुकलं," मास्तर म्हणाले. "माणूस चुकला."

मंडळाचा दंडक होता, पुढच्या ओळीत पदाधिकारी, आणि पदाधिकारी कोटात. कुणीतरी कोटाशिवायच आला असणार, आणि कुणीतरी आपला कोट काढून दिला असणार. मास्तरांनी आता माणसं सोडून नुसते कोट मोजले. एकवीस माणसं, वीस कोट. बाकावर चढलेल्यांत एकजण नुसत्या शर्टावर होता, पुढच्याच्या डोक्याआड अर्धा झाकलेला. एक डोळा, एक कान, आणि हसू दाबलेलं अर्धं तोंड.

"आता गप्प बसा," घरी बायको म्हणाली. "समाधान मिळालंय त्या बाईला. ते कशाला काढून घेता?"

"दुसऱ्याच कुणाला बाबा म्हणतेय ती. माझ्यामुळे."

"आणि परत चुकलात तर?"

मास्तरांनी पायात चपला सरकवल्या आणि वाचनालयातून मागून आणलेला फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून ते निघाले.

पोस्टातल्या बाईंच्या घरी मिशीवाला खिडकीसमोरच होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाठ करून फोटो टेबलावर ठेवला आणि आधी बाही दाखवली, मग शर्टवाला. मध्ये एकदाही थांबले नाहीत. बाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी भिंतीकडे मान वळवली.

"मग मी रोज सकाळी ज्यांच्याशी बोलत होते, ते कोण?"

"खजिनदार. पुढच्या ओळीत त्याचंच नाव उरलं होतं. तुसडा माणूस."

"तरीच," बाई म्हणाल्या. आणि हसल्या, पण डोळे भरले होते. "चेहरा मिळाला म्हणून किती दिवस झोप लागली नव्हती मला, मास्तर. आता अर्धाच."

"अर्धाच," मास्तर म्हणाले. "माझी चूक आहे. मी माणसं बघितली नाहीत कधी."

"काहीच आठवत नाही त्यांचं?"

मास्तर भिंगाची दांडी बोटांत फिरवत राहिले. मग हळूहळू म्हणाले, "कोट न्यायला आले आणि घालून बघितला. आरशात नाही बघितलं, आधी आतल्या खिशात हात घातला. खिसा मोठा करून द्या म्हणाले. आतल्या खिशाने कोट फुगतो, मी नको म्हणत होतो. ऐकेनात. दुधाची बाटली उभी मावली पाहिजे, म्हणाले. गरम राहते म्हणे तिथे."

बाईंनी फोटो आपल्याकडे सरकवला.

"कुणासाठी ते मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या खिशात काय जातं ते आम्ही विचारत नसतो."

"कधीची गोष्ट ही?"

"याच फोटोच्या आधीची. महिनाभर आधी."

बाईंनी फोटोच्या मागचं साल वाचलं, आपल्याच जन्माचं. खुर्ची टेबलाजवळ ओढली, मास्तरांच्या हातातलं भिंग मागून घेतलं आणि शर्टवाल्यावर धरलं.