सिद्रामण्णाचं ‘कशावरून?’

गाडी वर्कशॉपला लावली की ट्रकवाल्याला दोनच कामं उरतात. समोरच्या टपरीवर चहा प्यायचा आणि दुसऱ्याच्या गाडीला काय झालं ते ऐकायचं. मोहोळच्या दिशेनं सोलापूर संपतं तिथं डीलरचं वर्कशॉप आहे. त्याच्या समोरच्या बाकड्यावर मी इतकं बसलोय की किस्से सांगायला लागलो तर टपरीवाला दूध संपलं म्हणून मला उठवेल. त्यातले निम्मे एकट्या सिद्रामण्णाचे. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. आता सांगताना हसू येत नाही, तो भाग वेगळा.

सिद्रामण्णा अक्कलकोटकडचा. घरात कन्नड, रस्त्यावर मराठी. उभी हयात दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हर म्हणून काढली आणि केस पांढरे झाल्यावर स्वतःचा ट्रक घेतला. पुढं मुलीचं नाव रंगवलं, ‘गौरी’. त्या दिवसापासून आम्ही त्याला ‘मालक’ म्हणायला लागलो. चेष्टाच होती, पण तो असा खुलायचा की चेष्टा राहिलीच नाही. टपरीवाल्यालाही त्यानं बजावलं होतं, "अण्णा न्हाय, मालक म्हन की!"

*

गाडीचं दुखणं साधं होतं. माल भरला की काळा धूर, आणि पिकअप गायब. मंगळवेढ्याची ज्वारी भरली की उड्डाणपुलाच्या चढालाही धापा टाकायची.

वर्कशॉपमधला ॲडव्हायझर ओंकार. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर.

"अण्णा, इंजेक्टर गेलेत."

"कशावरून?"

"लॅपटॉपवर आलंय."

"लॅपटॉपला धूर दिसला का?"

ओंकार नुसता हसला. इंजेक्टर बदलले, गाडी बाहेर पडली, ज्वारी भरून टपरीसमोरून गेली आणि आमच्या चहावर काळा ढग सोडून गेली! आमच्या बाकड्यावरचा रफिकभाई कपावर हात ठेवून म्हणाला, "हौ, अब लॅपटॉपकू दिखा होएगा!"

*

मग ओंकार म्हणाला, टर्बो गेलाय. या वेळी अण्णा तयारीनं आला.

आमच्यात एक रीत आहे. गाडी वर्कशॉपला देण्याआधी पार्टावर खूण करून ठेवायची, म्हणजे काय बदललं आणि काय नाही ते कळतं. कुणी दोरा बांधतं, कुणी ओरखडा काढतं. अण्णानं लेकीची लाल नेलपॉलिश आणली, इंजिनवरची केबिन उचलली आणि हात पोचेल तिथं ठिपके दिले. टर्बोवर दिले, पाइपांवर दिले, इंजिनच्या वरच्या झाकणाच्या बोल्टांवरही दिले.

"अण्णा, गाडीकी शादी है क्या?" रफिकभाईनं विचारलं.

बदललेला टर्बो खोक्यातून परत मिळाला. ठिपका नाही!

"ही माझी वस्तू न्हाय. लाल खूण कुटं गेली?"

ओंकारच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "अण्णा, जुना पार्ट आम्ही कस्टमरला धुऊन देतो. सर्व्हिस आहे आपली!"

धूर होता तसाच.

*

रिकामी गाडी घेऊन ओंकारनं टेस्ट ड्राइव्ह मारली. गाडी हरणासारखी पळाली.

"तक्रार येत नाही, अण्णा."

"माल भरल्यावर येती. भरून आनतो, मंग बगा."

"भरलेली गाडी आत घेत नाही. पॉलिसी आहे."

अण्णा म्हणाला, "म्हंजे ताप उतरल्यावरच पेशंटला दवाखान्यात आनायचं व्हय?"

हा डायलॉग पुढं बाकड्यावर महिनोन्‌महिने चालला.

*

मग आला शेवटचा निकाल. इंजिन गेलं! आख्खं बदलावं लागेल.

"कशावरून?"

"खोलून बघितलंय आम्ही."

अण्णानं सही केली नाही. गाडी वर्कशॉपच्या मागच्या यार्डात उभी राहिली आणि अण्णा आमच्या बाकड्यावर. दुसऱ्या गॅरेजवाल्यांकडं गेला, तर ते म्हणाले, डीलरनं इंजिन गेलं म्हणून लिहून दिलंय, आता आम्ही हात लावला तर खापर आमच्यावर फुटेल.

शेवटी रफिकभाईनं कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावून दिला. तक्रार घेतली. दोन दिवसांनी तिकडून एका मुलीचा फोन आला. बिचारी इतकी गोड बोलली, इतकं ‘सर, सर’ केलं की अण्णा विरघळला. शेवटी तिनं विचारलं, "सर, दहापैकी किती गुण द्याल?"

अण्णाला वाटलं, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. "तुमाला धा द्या की, ताई. लई चांगलं बोल्ला."

संध्याकाळी मेसेज आला. ग्राहक पूर्ण समाधानी, तक्रार बंद!

त्यानंतर अण्णा तोंड उघडायला गेला की ओंकार मोबाइल पुढं करायचा. "अण्णा, दहा तुम्हीच दिलेत ना?" आम्ही हसून हसून लोळलो. अण्णाही हसला, पण चहा तसाच ठेवून घरी गेला. त्या पोरीला दहा दिल्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

*

खंडेनवमी आली. त्या दिवशी गाडी पुजल्याशिवाय आमच्यातला कुणी जेवत नाही. अण्णा झेंडूचा हार, नारळ, लिंबू घेऊन आला. गेटवर सिक्युरिटीनं अडवलं.

"यार्डात फक्त गाडीच्या मालकाला सोडतो."

"मीच की मालक!"

"आरसी दाखवा."

आरसी गाडीत. गाडी यार्डात!

अण्णानं वाद घातला नाही. गेटबाहेरच नारळ फोडला, तारेच्या कुंपणाला हार बांधला आणि लांबून गाडीला हात जोडले. खोबरं सगळ्यांना वाटलं. सिक्युरिटीला दिलं, ओंकारलाही दिलं. ओंकारनं तुकडा तोंडात टाकला आणि चावत चावत म्हणाला, "अण्णा, किती दिवस उभी करणार? एक्स्चेंजला टाका, आम्हीच घेतो. इंजिन गेलेल्या गाडीचं जे येईल ते पदरात पाडून घ्या."

उभ्या गाडीवर घर चालत नाही. अण्णानं गाडी देऊन टाकली. केबिनमधला सिद्धेश्वराचा फोटो तेवढा पिशवीत घालून आणला. "एन माडोदु?" एवढंच म्हणाला. म्हणजे, काय करायचं? मला त्या दिवशी ओंकारची कॉलर धरावीशी वाटली. धरली नाही. माझीही गाडी आतच होती.

*

परवा माझ्या गाडीच्या ब्रेकचं काम होतं, म्हणून मी वर्कशॉपमध्ये होतो. मोहोळचे एक शेठ जुना ट्रक बघायला आले. पारख करायला त्यांनी आपला नवा ड्रायव्हर बरोबर आणला होता. ड्रायव्हर म्हणजे सिद्रामण्णा!

ट्रक ताजा निळा रंगवलेला. पुढचं नाव पुसलेलं. ओंकारनं अण्णाला ओळखलं नसेल असं नाही, पण तो शेठकडंच बघून बोलत होता. "शेठ, इंजिन एक नंबर. कंपनीतून आलं तसं आहे, आजवर खोललेलंच नाही. लॅपटॉपवर दाखवतो."

मी अण्णाकडं बघितलं. आता त्याचा प्रश्न येणार, म्हणून वाट बघत राहिलो.

अण्णानं गुपचूप केबिन उचलली. मीही मागून डोकावलो. सगळं इंजिन जुन्या धुळीनं भरलेलं. हवेचा एक रबरी पाइप तेवढा कोरा करकरीत, म्हणजे दुखणं तेवढंच होतं. आणि वरच्या झाकणाच्या बोल्टांवर लाल ठिपके जसेच्या तसे, एकालाही चीर नाही.

अण्णानं एका ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग केबिन खाली घेतली आणि हात पुसले.

"काय, सिद्रामण्णा?" शेठनी विचारलं. "घ्यायची का?"

"घ्या की, मालक," अण्णा म्हणाला. "लई चांगली गाडी हाय."

"कशावरून?" शेठ म्हणाले.

अण्णानं पायरीला हात लावून कपाळाला लावला, आणि वर चढून स्टिअरिंगवर बसला.