निमोण्याच्या विहिरीतला लॉराइट

"मिळालंय ना? मग विहिरीचं काम थांबवा," साहेब म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी भूगर्भशास्त्रज्ञ, कॅम्प दौंडला. निमोण्यात बौद्धवस्तीची स्वतःची पहिली विहीर खणत होते. मुरमात काहीतरी चमकतंय म्हणून वस्तीतल्या भिवाआप्पांनी मला बोलावलं. मी सँपल कापडी पिशवीत भरून लॅबला पाठवलं. रिपोर्ट आला, लॉराइटचे दोन कण.

लॉराइट म्हणजे रुथेनियम आणि गंधक. रुथेनियम हा प्लॅटिनमचा भाऊबंद. अतिशय दुर्मिळ. सापडतो तो खोलातून वर आलेल्या, क्रोमाइटवाल्या खडकात. आपल्याकडे सगळा लाव्हाचा काळा दगड. इथं लॉराइट म्हणजे ज्वारीच्या ताटाला नारळ! हे साहेबांना तीनदा सांगितलं. त्यांनी तिन्ही वेळा मान हलवली आणि काम थांबवायच्या ऑर्डरवर सही केली.

ती द्यायला अर्थात मीच. आप्पांनी कागद घडी करून खिशात ठेवला. पावसाच्या आत बांधकाम झालं नाही तर कडा ढासळणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"सायब, आजवर दुसऱ्याच्या विहिरीवर थांबत आलो. आता आमच्याच विहिरीवर बी थांबायचं व्हय?"

महिनाभर मी लॅबला पत्रं लिहिली. उत्तर एकच, मशीन चुकत नाही.

मग एकदा स्टोअरमध्ये नव्या पिशव्या मागायला गेलो. आमच्याकडे जुन्या जमा केल्याशिवाय नव्या मिळत नसत, आणि नव्या म्हणजे जुन्याच, नाव खोडलेल्या. लॅबमधून परत आलेली निमोण्याची पिशवी ढिगात होती. मी उलटी केली. शिवणीत काळी वाळू. खोडलेल्या शाईखाली वाचता आलं: ओरिसा, क्रोमाइट. पिशवी झटकून न घेता भरणारा शहाणा मीच. स्वतःचाच असा संताप आला की विचारू नका.

पिशवी साहेबांच्या टेबलावर झटकली. ऑर्डर रद्द करून घेतली आणि तडक निमोणं गाठलं.

"आप्पा, चूक माझी हाय," मी त्यांच्याच बोलीत सांगून टाकलं.

आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग बूट काढा आन् उतरा खाली. महिना गेलाय आमचा."

दिवसभर मुरमाच्या पाट्या उचलल्या. पाठ आठवडाभर दुखत होती. पावसाच्या आत पाणी लागलं, बांधकामही झालं. पहिली कळशी वर आली तेव्हा आप्पांनी मला निरोप धाडला होता.

दुर्मिळ खनिज सापडलं, की आधी पिशवी उलटी करून बघावी.