दाराबाहेरचे खापरपणजोबा

स्त्रीने आधी जेवावं आणि पुरुषाने तोवर थांबावं, हा विचार मध्य भारतात सर्वप्रथम आमच्या खापरपणजोबांनी मांडला. कुठे मांडला, हे विचारायचं नसतं. त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि त्यांचं बोलणं टिपून ठेवावं असं त्यांच्या हयातीत कोणाला वाटलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात ते बायकोला घेऊन नर्मदेपलीकडून नागपुरात आले. घरात 'व्यापारानिमित्त' असं सांगतात. कापसाच्या बाजारात ते दुसऱ्यांच्या व्यापाराची पोती उचलत.

त्यांचा थोरला मुलगा पुढे गोंदियाजवळ कामठ्याला येऊन धानाच्या शेतीला लागला. येताना त्याने एक रीत आणली. आमच्या घरात नवी सून आली की ती पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात बसून एकटी जेवते. नवरदेव बंद दाराबाहेर उभा असतो. पोट भरलं की ती आतून तांब्या वाजवते, मग दार उघडतं. तोवर माझे थोरले चुलतभाऊ माइकवरून खापरपणजोबांच्या विचारांवर बोलतात. एका लग्नात सुनेने दोनदा तांब्या वाजवला. भावांना त्या टाळ्या वाटल्या आणि ते पुढे बोलत राहिले.

गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतणीचं लग्न आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला ठरलं. ही रीत सुनांची. लेकी ती सासरी नेत नाहीत. हिला न्यायची होती.

"काका, तिकडं बाया सगळ्यांच्या मागून जेवतात," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मी पहिले जेवली, तं पुढं कोनी काही म्हननार नाही."

होणाऱ्या सासूबाईंनी उलट निरोप धाडला: आमच्याकडे असं नसतं. तुमच्याकडे तरी खरंच होतं, की भाषणापुरतंच आहे? प्रश्न मला रास्त वाटला. घरात अशा शंका काढणारा मी एकटाच, म्हणून नागपूरला जाऊन शोध घ्यायचं कामही माझ्याकडेच आलं.

खापरपणजोबांच्या धाकट्या मुलाचा वंश अजून त्याच गल्लीत राहतो. त्या घरातल्या एका म्हाताऱ्या भाऊबंदांनी मला मागच्या बाजूला नेलं. राहायची खोली पाडून तिथे तीन मजले झाले आहेत. चुलीची खोली मात्र तशीच आहे, कारण हिवाळ्यात कूलर ठेवायला जागा लागते. त्यांनी दोन कूलर बाहेर ओढले. आत कोपऱ्यात चुलीचा काळा डाग, शेजारी माठाचा कट्टा, आणि उरलेली जागा आत उघडणाऱ्या दाराची.

"बसा न भाऊ, जेवाले बसल्यासारखे."

मी मांडी घातली. त्यांनी बाहेरून दार ढकललं, ते माझ्या गुडघ्यावर आदळलं.

"आता सांगा, दुसरा मानूस येते कुठून?"

"मग बाहेर बसून का जेवत नसत?"

"बाहेर गल्ली. शेळ्या, कुत्रे, येनारे-जानारे. दोघं आतच जेवत, एकामागून एक. माझी आजी सांगे."

"पण आधी ती का?"

"ते मले काय मालूम? मी होतो का तिथं?"

परतीच्या गाडीत मी गुडघा चोळत विचार केला. आधी बसणाऱ्याला चुलीचा धूर जास्त लागत असावा, अशी एक शक्यता सुचली. ती मला पटली. माणसांच्या थोरपणाविषयी मला अशाच शक्यता पटतात.

पुतणी गोंदियाच्या स्टेशनावर घ्यायला आली होती. सगळं ऐकून ती गाडीला किल्ली लावायची विसरली.

"म्हंजे जागाच नव्हती?"

"नव्हती."

"तुमाले थोडंसं खोटं नाही का बोलता येत, काका?"

"त्यासाठी तुझे मोठे काका आहेत. माइकसकट."

तिला हसू आलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही गोरेगावला गेलो. सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मी दार, गुडघा, शेळ्या, सगळं सांगितलं. चुलतभाऊ पंख्याकडे बघत होते, पुतणी माझ्याकडे.

"जागा नवती, हे समजलं," सासूबाई म्हणाल्या. "पन मंग बाईलेच बाहेर उभी करता येत होती ना. थो काऊन उभा रायला?"

"धुरामुळे असेल," मी म्हटलं.

"धूर तं तिले रांधतानाच लागला, भाऊ. जेवताना कुठला नवा धूर येऊन राहिला?"

त्यांनी सुपातला एक खडा अंगणात फेकला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मुलाला हाक मारली.

"आयकून राहिला ना रे? उभं राहा लागते तुले."

लग्नानंतर पुतणीने दाराआड बसून सावकाश जेवण केलं. भात दोनदा घेतला, असं नंतर कळलं. बाहेर नवरदेव उभा होता आणि त्याच्याशेजारी, कोणी न सांगता, त्याचे वडीलही येऊन उभे राहिले. चुलतभावांचं भाषण झालं. चुलीच्या खोलीचा उल्लेख त्यात नव्हता. तांब्या वाजला तेव्हा सासूबाईंनीच उठून माइक बंद केला.

आता ती दोघं नागपुरात नोकरीला आहेत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मागच्या महिन्यात मी दोन दिवस राहून आलो. दोन्ही रात्री पुतणी स्वयंपाकघरातल्या घडीच्या टेबलाशी आधी जेवली, आणि जावई दाराबाहेर चौकटीला टेकून तिला ऑफिसातल्या गमती सांगत उभा होता. रोज असंच असतं, असं दोघं म्हणाली. हे कळल्यावर चुलतभावांचे डोळे भरून आले. पुढच्या लग्नातल्या भाषणाचा शेवट त्यांनी यावरच करायचं ठरवलं आहे.

त्या स्वयंपाकघरात टेबल उघडलं की खुर्ची एकच मावते, आणि फ्रिज उघडत नाही.