कारभाऱ्याने नकार दिला नव्हता

सत्तरच्या दशकात मी मोखाड्याला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. तालुके राज्यमार्गांनी जोडायचे आणि त्या मार्गांना आतली गावं, असं ते काम होतं. माझ्याकडे जव्हारच्या बाजूचा एक जोडरस्ता होता. नकाशावर त्याच्या दोन रेघा होत्या. एक वरून, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या सड्यावरून जायची. दुसरी खालच्या पाड्याच्या वरकस, नागली-वरईच्या जमिनीतून. खालच्या रेघेवर एक मोरी जास्त बांधावी लागणार होती, पण वस्ती होती ती तिथेच. साहेबांनी सांगितलं होतं, "पाडा जागा देत असेल तर खालून नेऊ. नाहीतर वरून. दिवाळीपूर्वी अहवाल द्या."

पाड्याचा कारभारी पन्नाशीचा, काटक माणूस होता. मोजणीला माझ्याबरोबर असणारा खात्याचा खलाशी आजारी पडला तेव्हा मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक त्यानेच धरलं. त्याच्या नागलीतून साखळी ओढताना मी जपून पाय टाकत होतो, तर तो म्हणाला, "तुडव सायेब, बिनधास्त तुडव. उद्या हितून मोटार जायची."

शिवेवर वाघदेवाचं ठाणं होतं. तिथे मी आखणीची खुंटी ठोकायला काढली तसा त्याने माझा हात धरला.

"हितं नको. वाघबारस होऊ दे. देवाला नारळ देतो, मग पयली खुंटी मीच ठोकतो. अंगठाबी तवाच देतो."

"आणि देव नाही म्हणाला तर?"

"तो कशाला नाय म्हणंल? त्यालाबी यष्टी पायजे ना जव्हारला जायला!"

मागे उभी असलेली माणसं हसली. मीही हसलो.

वाघबारस म्हणजे आपल्या वसुबारशीचाच दिवस, त्याला आठ दिवस होते. माझं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं आणि नाशिकला सासरी पहिला दिवाळसण होता. वाघबारशीपर्यंत थांबायचं, मग खुंट्या, मग अंगठे, मग अहवाल, म्हणजे दिवाळी मोखाड्याच्या विश्रामगृहातच गेली असती. 'आठ दिवसांची मुदत मागितली आहे' असं लिहून साहेबांकडे जाता आलं असतं. ते कदाचित रागावले असते, एवढंच. मी त्या दुपारी अहवालात लिहिलं, 'खालच्या आखणीस ग्रामस्थांची संमती नाही.' दुसऱ्या दिवशी नाशिकची गाडी धरली. सासऱ्यांनी अंगठी घातली. दिवाळी चांगली झाली.

रस्ता वरून गेला. माझी बदली झाली.

दहा-बारा वर्षांनी बढती मिळून मी पुन्हा त्या भागात आलो. बाजाराच्या दिवशी रस्त्याची पाहणी करत होतो. पाड्याची पायवाट चढून जिथे डांबरीला मिळते तिथे पाच-सहा जण एसटीची वाट पाहत बसले होते. चढण चढून आल्यामुळे सगळेच घामाघूम होते. कारभारी त्यांच्यात होता. आता म्हातारा झाला होता.

"काय कारभारी, दमलास?" एक जण त्याला म्हणाला. "रोड आडवताना नाय दमलास तवा?"

"आरं, त्याला डोंगर चढायची हौस," दुसरा म्हणाला. "म्हणून तर आमालाबी चढवतो."

हे रोजचंच असावं, कारण बायका हसल्यासुद्धा नाहीत. माझ्या अहवालातला नकार पाड्यावर त्याच्या नावावर जमा झाला होता. तेवढ्यात त्याने मला ओळखलं. उठून माझ्याजवळ आला.

"ह्यो बगा, त्योच सायेब. इचारा याला. सांग सायेब, मी नाय म्हणलो होतो का? वाघबारशीला अंगठा देतो म्हणलो होतो ना?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्याबरोबर माझ्या हाताखालचे दोघे होते.

"जुनी गोष्ट आहे," मी म्हणालो. "आता आठवत नाही."

"तुला नाय आठवत?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. माझी तब्येत विचारावी तसं त्याने ते विचारलं. मागून कोणीतरी हसलं. मग एसटी आली आणि तो बाकीच्यांबरोबर चढला.

त्यानंतर तो मला कधी दिसला नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी पाड्यावर गेलो. आता तिथे रस्ता आहे, दुसऱ्या कुठल्याशा योजनेतून झालेला. कारभारी वारून बरीच वर्षं झाली होती. त्याची सून अंगणात वरई पाखडत होती. तीही आता म्हातारी आहे. मी तिला सगळं सांगितलं. दिवाळसणाचंही सांगितलं.

तिने सूप खाली ठेवलं. "मला कशाला सांगतोस? मी सासऱ्याचं खरंच मानत होते. ज्यांनी नाय मानलं त्यांना सांग. चल."

ती पुढे आणि मी मागे. पहिल्या घरी एक बाई होती, तिने ऐकून घेतलं आणि पाणी दिलं. दुसऱ्या घरच्या म्हाताऱ्याला ऐकू कमी येत होतं, त्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं. "म्हणजे कारभाऱ्यानं नाय आडवला?" त्याने सुनेला विचारलं. "नाय," ती म्हणाली, "ह्यानं आडवला," आणि माझ्याकडे बोट केलं.

पुढच्या घरांना कुलपं होती. माणसं वीटभट्ट्यांवर गेली होती, पावसाआधी परतणार नव्हती. तरी प्रत्येक दारापुढे ती थांबली आणि आत कोण राहतं ते मला सांगितलं. त्या घरांसाठी हे लिहून पाठवतो आहे. तिची नात शिकलेली आहे, ती वाचून दाखवणार आहे.