अर्ध्या तासाचा काटा

माझा नवरा कॉनरॅड घड्याळवेडा आहे, आणि कामावर त्याला घड्याळ घालायची बंदी आहे. इथे सिडनीत, वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तो नमुने तपासतो आणि तिथे कोपराच्या खाली हात मोकळा लागतो. म्हणून हा गृहस्थ रोज सकाळी टूनगॅबीच्या आमच्या घरात कपाटासमोर उभा राहून एक घड्याळ निवडतो, ऐटीत कार पार्कपर्यंत नेतो आणि तिथे काढून गाडीच्या खणात ठेवून देतो. मला लग्नाचा गाऊन निवडायला एवढा वेळ लागला नव्हता.

कोविड आला त्या वर्षी ईस्टरला त्याचं वसईचं तिकीट काढलेलं होतं. ते रद्द झालं, मग सरहद्दीच बंद झाल्या. वसईच्या घरी माझी सासू, रेजिना, एकटी. हृदय कमजोर, आणि औषध घ्यायला सांगावं तर "कालच घेतलं" म्हणणारी. कॉनरॅडच्या मनात एकच भीती बसली होती, की सरहद्दी उघडतील तेव्हा आई असेल का. लॅबमधून आला की मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचा. चहा निवायचा. मी चिडायचे, आणि चिडले की मलाच रडू यायचं.

त्या अंगणातच त्याला फोनवर एक गप्पांचा कार्यक्रम सापडला. अमेरिकेतले काही घड्याळवेडे एकमेकांना कृष्णवर्णीय मालकांच्या घड्याळ-कंपन्या दाखवत होते. लहान लहान कंपन्या, काही तर घरातल्याच एका खोलीत चालणाऱ्या. दुसऱ्या दिवसापासून मला बोलावणी सुरू झाली. मेरिल, हे बघ. अक्राच्या एका तरुणानं हातमागाच्या कापडाची नक्षी डायलवर उतरवली होती. लंडनच्या एका बाईची आई जन्मभर शिवणकाम करत होती, तर तिच्या घड्याळात सेकंदाचा काटा म्हणजे एक सुई होती. ती सुई गोल गोल फिरत राहायची, आणि कॉनरॅड उन्हात डोळे बारीक करून बघत राहायचा. मीही थोडी बघायचे. खोटं कशाला सांगू, उठावंसं वाटायचं नाही.

"मोठ्या कंपन्या मला काय विकतात?" तो एकदा म्हणाला. "दुसऱ्याच्या आजोबांची ऐट. ही माणसं आपलं घर डायलवर ठेवतात."

"आणि तू दुसऱ्याचं घर मनगटावर बांधून फिरणार," मी म्हणाले.

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला होता, म्हणून मी पुढचं बोलणं गिळलं.

मग त्याला निळं घड्याळ दिसलं. अमेरिकेतल्या चार्ल्सटन नावाच्या गावात आयझाया म्हणून एक माणूस तसली घड्याळं करायचा. त्याच्या आजीच्या घराला पुढे पडवी होती आणि तिचं छत फिकट निळ्या रंगाचं होतं. भुताखेतांना ते पाणी वाटावं आणि त्यांनी आल्या पावली परत जावं, म्हणून तिकडे तसं रंगवतात. तोच निळा त्यानं डायलला दिला होता. कॉनरॅडनं फोन माझ्यासमोर धरला. वसईच्या आमच्या ओटीच्या भिंती त्याच रंगाच्या आहेत.

"आई, आपली ओटी निळी का गं?" त्यानं फोनवर विचारलं. काहीतरी गूढ ऐकायला मिळेल म्हणून कान टवकारून बसला होता.

"चुन्यात नीळ जास्त पडली," सासू म्हणाली.

घड्याळ मागवायचं ठरलं, पण त्याला हवा होता दुसऱ्या गावाची वेळ दाखवणारा जादा काटा. आता गंमत अशी, की असे काटे तासातासाच्या उड्या मारतात, आणि आपला भारत अर्ध्या तासावर अडून बसलेला. सिडनीची वेळ बरोबर लावली की वसई अर्धा तास चुकते. इतकी वर्षं तो एवढ्यासाठी तसलं घड्याळ घेत नव्हता. एका मोठ्या कंपनीला विचारलं होतं, तेव्हा त्यांनी माहितीपत्रक पाठवून दिलं. आयझायानं मात्र व्हिडिओ कॉल केला. शांतपणे ऐकून घेतलं, मग स्वतःच्या डायलवर दोन खुणांच्या मधल्या जागी बोट ठेवलं.

"So your mama lives right here," तो म्हणाला. "I'll set that hand myself."

कॉनरॅड त्या दिवशी मी न सांगता भांडी घासायला उभा राहिला.

विमानं नव्हती, पार्सल रखडलं. इकडे रोज संध्याकाळी जेवणाआधी सासूचा फोन यायचा तो नेमाचा. वसईत आमच्या ख्रिस्ती घरांतून संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की लहानांनी हात जोडून मोठ्यांपुढे जायचं आणि आशीर्वाद मागायचा. कॉनरॅडच्या केसांत पांढरं दिसायला लागलं तरी त्याचं हे चुकलेलं नाही. फोनमध्ये घरातल्या प्रार्थनेच्या आल्तारवर मेणबत्ती पेटलेली, मागे अंधारलेली खोली, समोर डोक्यावर पदर घेतलेली सासू. "देव बरं करो, बाबा," ती म्हणायची आणि याचा चेहरा सैल पडायचा. आमची लेक एमिली मागून जाताना "हाय, आजी" करायची आणि लॅपटॉपवर तिच्या युनीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, क्लासला परत जायची.

घड्याळ आलं तेव्हा जॅकरँडाला फुलं आली होती. त्यानं ते हातात घातलं नाही, टेबलावर फोनशेजारी ठेवलं. फोन आला, रोझरी झाली, कॉनरॅडनं हात जोडले, आणि त्याची नजर वसईच्या त्या जादा, पिवळ्या काट्यावर गेली. काटा भर दुपारी उभा होता.

तसं हे त्याला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. मनातल्या मनात रोज हिशेब करणारा माणूस तो. पण तो अंधार आणि ती मेणबत्ती बघून त्याच्या मनानं तिथे संध्याकाळ धरली होती. माझ्याही.

"आई, तिकडे तर ऊन असेल. एवढा अंधार कसला?"

"खिडक्या लावल्यात."

"कशाला?"

"तुझी संध्याकाळ झाली ना? उजेडात कसली रोझरी," ती म्हणाली. "आमची संध्याकाळी वेगळी होते. चर्चची घंटा झाली की शेजारणी येतात."

म्हणजे ही बाई रोज दोन संध्याकाळी करत होती. वसईच्या उकाड्यात दारंखिडक्या लावून, घाम पुसत, एक मुलासाठी. कॉनरॅड टेबलावर डोकं ठेवून रडला. सासूला वाटलं रेंज गेली.

पुढच्या एप्रिलमध्ये तिकडे माणसं पटापट जायला लागली. गल्लीतली तीन घरं रिकामी झाली. सासूला ताप आला, उतरला, पण आवाज निम्म्यावर आला. इकडून जायला परवानगी नाही, तिकडून यायला विमान नाही. कॉनरॅड कार पार्कमध्ये घड्याळ काढायला लागायचा तेव्हा काटा वसईत कुठे आहे ते बघत बराच वेळ बसायचा. हे त्यानंच सांगितलं, तेव्हापासून मी त्याला सकाळी घाई करणं सोडून दिलं. खिडक्या मात्र रोज बंद होत राहिल्या.

नोव्हेंबरात सरहद्दी उघडल्या आणि डिसेंबरात तो गेला. पोचल्याचा फोन आला तेव्हा मागे ओटी दिसत होती, ओटीवर सासू दिसत होती, आणि माझ्या जिवात जीव आला. आता मायलेकरं एकत्र, म्हणजे आमच्याकडच्या फोनला सुट्टी, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी आमच्या जेवणाआधी फोन वाजला. पडद्यावर अंधारलेली खोली, मेणबत्ती, सासू. शेजारी कॉनरॅड, घामानं निथळत.

"मी आईला म्हटलं, आता मी इथे आहे, रोझरी संध्याकाळीच करू," तो म्हणाला. "खिडक्या लावत मला म्हणते, तू आहेस रे, तुझी पोरगी तिकडे आहे ना."

एमिलीनं लॅपटॉप मिटला. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली आणि शेवटपर्यंत बसली. मग हात जोडले.

"आशीर्वाद द्या, आजी," ती मराठीत म्हणाली. "डॅडा, तू पण."

सासूनं हात वर केला. कॉनरॅड एक क्षण गोंधळला, मग त्यानंही हात उचलला. मनगटावर आयझायाचं निळं घड्याळ होतं, आणि पोचल्यापासून त्यानं ते एकदाही काढलं नव्हतं.