चुसोकच्या आधीचे उंदीर

तेजॉन शहरातल्या संशोधन संस्थेत मोक इन-सुकबाईंचं निम्मं आयुष्य उंदरांची यकृतं तपासण्यात गेलं. नोकरी कराराची, दर डिसेंबरला टांगणीला लागणारी. यंदा नव्या संचालकांनी दोन अटी घातल्या: नावावर एक शोधनिबंध हवा आणि त्यातल्या आकड्यांचं विश्लेषण संगणकावर स्वतः करता आलं पाहिजे. म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी बाई पोराटोरांबरोबर वर्गात बसल्या. शिकवायला होती कु बो-रा. तिला उंदीर कसा धरायचा हे बाईंनीच शिकवलेलं.

"ताई, पुन्हा कंस उघडाच राहिला."

"अगं, पिंजऱ्याचं दार मी कधी उघडं टाकलं नाही, आणि हा मेला कंस!"

शेवटच्या तासाला प्रत्येकाने स्वतःचे आकडे आणायचे होते. बाईंनी आपल्या नावावर येऊ घातलेल्या निबंधातलेच आणले. पडद्यावर प्रत्येक उंदराचा एक ठिपका उमटला. औषध दिलेले तांबडे एका बाजूला, न दिलेले निळे दुसऱ्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

बो-राने वाजवल्या नाहीत. "ताई, आता रंग तपासणीच्या तारखेप्रमाणे द्या बघू."

बाईंनी एक शब्द बदलला. चित्र तसूभरही हललं नाही: तांबडे तांबडेच, निळे निळेच.

"औषध न दिलेले सगळे एकदमच तपासलेत?"

"मागच्या चुसोकच्या आधी. प्रयोगशाळेचे सर म्हणाले, निम्मं उरकून सणाला घरी जा. औषधवाले सुट्टीनंतर."

"तपासणीचं रसायन तेच?"

"संपलं होतं. नवी बाटली फोडली."

"मग हा फरक औषधाचा की बाटलीचा, कसं सांगणार?"

"तारखेचा परिणाम वजा करता येत असेल ना?"

"तो वजा केला की औषधाचाही जातो, ताई. दोन्ही गोष्टी एकत्रच बदलल्यात." बो-राने आवाज खाली आणला. "यकृतं ठेवलीत?"

"जाळली."

संध्याकाळी बाई सरांकडे गेल्या. सरांनी दोन्ही चित्रं पाहिली.

"तारखेचं चित्र कुणी मागितलंय? औषधाचं लावा."

"मग माझं नाव काढा, सर."

"डिसेंबर जवळ आलाय, इन-सुक. विचार करून बोला."

"केलाय."

संगणकाच्या परीक्षेत बाई उत्तीर्ण झाल्या. नावावर निबंध नव्हता, म्हणून करार संपला. फेब्रुवारीत तोच निबंध छापून आला, त्याच आकड्यांवर, एका नव्या मुलाच्या नावाने. बो-राने फोनवर सांगितलं, तेव्हा बाई बहिणीच्या खानावळीत कोबी धूत होत्या. "बरं," म्हणाल्या आणि नळ पुन्हा सोडला.