आमच्या तालमीची पोरं

कोल्हापुरात फुटबॉलची फायनल बघायला बायका कमीच येतात. म्हणून गॅलरीत शेजारी बसलेल्या मावशींकडं माझं लक्ष गेलं. साठीच्या असतील. डोक्यावर पदर आणि खांद्यावर आमच्याच तालमीच्या संघाच्या रंगाचा रुमाल. चेंडू जिकडं जाईल तिकडं त्यांचा पाय आपोआप हलायचा.

मध्यंतरात आम्ही एका गोलनं मागं होतो. मावशी जुन्या खेळाडूंचं सांगू लागल्या. "आमचा गोली म्हशी धुऊन थेट मैदानात यायचा. एकदा धरलेला चेंडू सुटायची बिशाद न्हाय!"

"सगळ्यात आवडता कोण?"

"आमचा बॅक, गोलीच्या म्होरं खेळायचा. एका फायनलला त्याचाच पाय लागून चेंडू आमच्या जाळीत गेला. हरलो. त्यानं मान वर करून बघितलं, तर गॅलरी मोकळी. मी एकटीच बसलेली."

"तुमच्या नात्यातला होता का?"

"व्हय की! आमच्या तालमीचा पोरगा हुता."

शेवटची शिट्टी झाली. अंगावरचा गोल फिटला नाही, आम्ही हरलो. लोक शिव्या देत उठले, मीही उठलो.

"बसा पावणं," मावशी म्हणाल्या. "जिंकल्यावर सगळीच थांबत्यात. हरल्यावर पोरं वर बघत्यात, कोण थांबलंय म्हणून."

मी बसलो. घामानं निथळलेली पोरं खरंच वर बघत होती. मावशी उभ्या राहिल्या, टाळ्या वाजवत ओरडल्या, "वाघ हायत माझी पोरं!"

जिन्यावरचे काहीजण परत फिरले. खाली कॅप्टननं छातीवर हात ठेवला. नंतर आमच्या तालमीनं कप आणले, मिरवणुका निघाल्या. पण माझी मान सर्वांत ताठ झाली ती त्या हरलेल्या संध्याकाळी.